रखमाबाईंचा खटला आणि स्त्रीची संमति

गेल्या दीडशें वर्षांत आपल्या स्त्रियांच्या सामाजिक स्थितींत कोणता पालट झाला, असें कोणीं विचारलें म्हणजे आपण सहसा शाळांचीं व पदव्यांचीं उदाहरणें देतों. तीं खोटीं नाहींत. परंतु या पालटाचें खरें माप निराळें आहे. स्त्रीच्या आयुष्याचा निर्णय होत असतां तिची संमति विचारली जाते कीं नाहीं, हें तें माप होय. या दृष्टीनें १८८४ सालीं मुंबईच्या हायकोर्टांत दाखल झालेला एक खटला मननीय आहे.

रखमाबाईंचा जन्म १८६४ चा. वडील त्यांच्या बालपणींच वारले. आई जयंतीबाई यांनीं पुढें डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशीं पुनर्विवाह केला. त्यांच्या सुतार ज्ञातींत त्यास मज्जाव नव्हता. अकराव्या वर्षीं रखमाबाईंचें लग्न दादाजी भिकाजी यांच्याशीं लावण्यांत आलें. पण त्या सासरीं नांदावयास गेल्या नाहींत. सावत्र वडिलांच्या घरीं राहून त्यांनीं विद्याव्यासंग वाढविला. अखेर, पत्नीनें नांदावयास यावें म्हणून दादाजींनीं फिर्याद लावली. रखमाबाईंचें म्हणणें असें कीं, जाणत्या वयाच्या आधीं, आपल्या संमतीवांचून झालेलें लग्न आपणांवर बंधनकारक असूं नये.

१८८५ सालीं न्यायमूर्ति पिन्हे यांनीं दादाजींचा दावा फेटाळला. अपिलांत तो निकाल फिरला आणि मार्च १८८७ मध्यें न्यायमूर्ति फॅरन यांनीं हुकूम दिला कीं, रखमाबाईंनीं एका महिन्याच्या आंत पतीकडे जावें, नाहींतर सहा महिने कैद भोगावी. बाईंनीं कैद पत्करण्याची तयारी दाखविली. सारा महाराष्ट्र दुभंगला. बेहरामजी मलबारी बाईंच्या पाठीशीं उभे राहिले, तर टिळकांनीं त्यांच्याविरुद्ध लेखणी चालविली. कोणास हा धर्मावर घाला वाटला, कोणास न्यायाचा उदय.

परंतु या वादांत एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेआड झाली. पत्नीला कोर्टाच्या हुकुमानें नांदावयास लावणारा हा दावा आमच्या स्मृतींतून आलेला नव्हता. तो इंग्लंडांतील धर्मपीठांच्या न्यायालयांतून येथें आला. आणि खुद्द इंग्लंडनें असा हुकूम मोडल्याबद्दलची कैद १८८४ सालींच रद्द केली होती. ज्या वर्षीं हें हत्यार तेथें बोथट झालें, त्याच वर्षीं तें येथें एका वीस वर्षांच्या मुलीवर उगारलें गेलें. आणि त्यालाच धर्मरक्षण म्हणण्यांत आलें!

१८८८ सालीं तडजोड झाली. दोन हजार रुपये घेऊन दादाजींनीं हुकुमाची बजावणी सोडली. १८८९ त रखमाबाई इंग्लंडला गेल्या, लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यक विद्यालयांत शिकल्या, आणि परतल्यावर सुरत व राजकोट येथें त्यांनीं अनेक वर्षें रुग्णसेवा केली.

कायद्याची चाल मंद होती. १८९१ सालीं मुलींचें संमतिवय दहावरून बारा झालें. १९२३ सालीं नांदावयास न जाणाऱ्या पत्नीची कैद आमच्याकडेहि बंद झाली. १९२९ च्या सारडा कायद्यानें मुलीच्या विवाहाचें किमान वय चौदा ठरविलें. १९७८ त तें अठरा झालें. १९५५ सालीं हिंदु विवाह कायदा झाला आणि त्याच वर्षीं रखमाबाईंनीं इहलोक सोडला.

मात्र त्याच कायद्याच्या नवव्या कलमांत तो जुना दावा पति व पत्नी या दोघांसहि खुला ठेवण्यांत आला. १९८४ सालीं, म्हणजे बरोबर शंभर वर्षांनीं, सर्वोच्च न्यायालयानें तें कलम वैध ठरविलें. इंग्लंडनें मात्र १९७० च्या कायद्यानें हा दावा मुळींच काढून टाकला होता. ज्या घरून ही वस्तु उसनी आणली, तेथें ती उरली नाहीं; आमच्याकडे ती अद्यापि आहे. तुरुंगाचें भय गेलें, तरी हुकूम न मानल्यास मालमत्तेवर जप्ति येऊं शकते.

लग्नाआधीं मुलीची संमति विचारावी, हें तत्त्व आज कोणी उघडपणें नाकारीत नाहीं. परंतु लग्न झाल्यावरहि ती संमति तिचीच राहते काय? रखमाबाईंनीं कोर्टापुढें मांडलेल्या प्रश्नाचा हा उत्तरार्ध आहे, आणि त्याचें उत्तर देण्याचें काम आपणांकडे आलें आहे.