डोंगर नसलेली डोंगरी

मुंबई ही सात बेटांची, हे आपल्या मुलांना शाळेतच समजते. ती टेकड्यांचीही होती, हे मात्र त्यांना सहसा कुणी सांगत नाही. मलबार, खंबाला, डोंगरी, माझगाव, परळ, शिवडी, अँटॉप हिल ही नावे एका ओळीत मांडली, की जुन्या मुंबईची उंचसखल भूमी डोळ्यांपुढे उभी राहते. त्यांतील काही टेकड्या आज केवळ नावापुरत्या उरल्या आहेत.

डोंगरीची नवरोजी हिल त्यांपैकीच एक. 1724 साली इंग्लंडला गेलेले पहिले पारशी गृहस्थ नवरोजी रुस्तम माणेक यांचे नाव तिला मिळाले. पुढे एकोणिसाव्या शतकात समुद्रात भराव टाकून जमीन करण्याची कामे निघाली. 1873 साली पोर्ट ट्रस्टची स्थापना झाली, 1880 साली प्रिन्सेस डॉक खुला झाला. धक्क्यांना, रस्त्यांना, रुळांखालच्या खडीला दगड हवा होता, आणि तो दारातच होता. सुरुंग लागले, टेकडी कापली गेली, तिच्या जागी रस्ते व चाळी उभ्या राहिल्या. नाव राहिले, डोंगर गेला.

माझगावची कथा थोडी वेगळी आहे. तेथील भंडारवाडा टेकडीवर 1680 च्या सुमारास किल्ला होता. सिद्दी याकूतखानाच्या स्वारीत 1690 साली तो उद्ध्वस्त झाला. 1884 साली तेथे शहराचा जलाशय बांधला गेला. पाण्यासाठी उंचवटा हवा होता, म्हणून टेकडी वाचली. तिच्या माथ्यावरील उद्यानाला माझगावचेच सुपुत्र, लोकमान्यांचे सहकारी, काका बॅप्टिस्टा (1864–1930) यांचे नाव आहे. परंतु याच माझगावची, वर्षातून दोनदा फळणाऱ्या आंब्यासाठी विख्यात असलेली आमराई नाहीशी झाली. 1632 सालचे ग्लोरिया ख्रिस्तमंदिरही 1911 साली पाडले गेले व भायखळ्यास नव्याने उभारले गेले. मंदिर पुन्हा बांधता आले. आमराई कोणी पुन्हा लावली नाही.

खाणीने झालेली हानी झाडे तोडण्याहून खोल असते. झाड तोडले, तरी माती, मुळे आणि बी मागे राहते. खाणीत मात्र मातीच जाते, आणि आपल्या काळ्या पाषाणावर बोटभर माती साचायला शतके लागतात. उघड्या कातळावरून पावसाचे पाणी वाहून जाते, उन्हाळ्यात तो तव्यासारखा तापतो. अशा ठिकाणी नुसते रोप लावून भागत नाही. आधी माती घडवावी लागते.

हे कार्य अशक्य नाही. केनियातील मोंबासाजवळच्या बांबुरी येथे चुनखडीच्या ओसाड खाणीवर रेने हॅलर यांनी 1971 साली सव्वीस जातींची झाडे लावून पाहिली. त्यांतील तीनच तगली. त्यांतल्या सुरूने त्या भूमीवर पहिली सावली धरली. त्याची गळालेली पाने सहजी कुजत नव्हती. ती खाण्यासाठी हॅलर यांनी पैसाकिडे आणून सोडले, आणि त्यांच्या विष्ठेतून माती तयार झाली. मग इतर वृक्षांना स्थान मिळाले.

आपल्याकडे दगडखाणीचे नव्हे, पण तितक्याच उजाड जमिनीचे उदाहरण माहीम-धारावीच्या सीमेवर आहे. मिठी नदीकाठची ती 37 एकर जागा शहराच्या कचऱ्याने भरली होती. तिच्यावर माती पसरून देशी वृक्ष लावण्यात आले आणि 22 एप्रिल 1994 रोजी, वसुंधरा दिनी, महाराष्ट्र निसर्ग उद्यान लोकांसाठी खुले झाले. आज तेथे दाट राई असून पक्षी आणि फुलपाखरे नांदतात.

या दोन उदाहरणांतून एक भेद ध्यानी घ्यावा. जमीन हिरवी करणे आणि तिची मूळ वनस्पती तिला परत देणे या दोन गोष्टी एक नव्हेत. ऑस्ट्रेलियन बाभूळ किंवा गिरिपुष्प लावल्यास डोंगर दोन-चार वर्षांत हिरवा दिसतो; पण उंबराच्या फळांवर जगणाऱ्या पाखरांना त्याचा उपयोग थोडाच. करंज, पळस, पांगारा, उंबर, ताम्हण ही सावकाश येणारी मंडळी; परंतु ती या भूमीची आहेत. सुरूसारखे पाहुणे झाड आरंभी सावली देऊ शकते; मात्र घरच्यांसाठी त्याने वेळीच जागा सोडली पाहिजे.

शिवडीच्या ख्रिस्ती दफनभूमीत काका बॅप्टिस्टा चिरनिद्रा घेत आहेत. 1865 साली दफनभूमी होण्यापूर्वी तेथे कृषी व उद्यानविद्या संस्थेची बाग होती. आपले पूर्वज बागेच्या मातीत विसावले, आणि आपली घरे डोंगरांच्या दगडांवर उभी आहेत. हे ऋण मोठे आहे. प्रत्येक धर्मग्रामाने आपल्या आवारात वा दफनभूमीच्या कडेला एखादा देशी वृक्ष लावून पहिली तीन वर्षे त्याला पाणी घातले, तर त्या ऋणाचा एक लहानसा हप्ता तरी फिटेल.