एक लाखाचा चरखा आणि तोंडाने ओढायचा धोटा

कोणत्या प्रश्नावर संशोधन व्हावे, हे विज्ञान ठरवत नाही, राजकारण ठरवते. आणि राजकारण लोकानुनयाचे असेल तर 'लोक' म्हणजे नेमके कोण, हा प्रश्न आधी विचारावा लागतो. आपल्याच इतिहासातली दोन यंत्रे शेजारी ठेवून पाहा.

१९२९ साली अखिल भारत चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी १ लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. त्या काळी ही रक्कम प्रचंड होती. अटीही कडक होत्या. चरखा हलका हवा, साध्या घरात हातापायाने चालावा, बाईला फारसे न दमता ८ तास चालवता यावा, तेवढ्यात १६,००० वार सूत निघावे आणि किंमत १५० रुपयांच्या वर जाऊ नये. हे बक्षीस शेवटपर्यंत कोणालाही मिळाले नाही.

गांधींना यंत्रसुधारणाच नको होती, असा आरोप इथे टिकत नाही. खोट दुसरीकडे आहे. चरखा हे चळवळीचे चिन्ह होते, झेंड्यावर होते. म्हणून उत्तर आधीच ठरलेले होते आणि संशोधकाने फक्त त्याला पात्र ठरणारे यंत्र घडवायचे होते. कातणाऱ्या बाईची मजुरी कशी वाढेल, ही चौकट मोडून विचारण्याची मुभाच नव्हती.

आता मुंबईच्या गिरण्यांकडे या. तिथे अस्पृश्य कामगाराला कताईत काम मिळे, पण जास्त मजुरीच्या विणाई खात्यात प्रवेश नव्हता. कारण काय? धोट्यात नवी कांडी भरली की सुताचे टोक तोंडाने ओढून भोकातून बाहेर काढावे लागे. अस्पृश्याचे तोंड लागलेला धोटा सवर्ण विणकराला चालत नसे. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार नेत्यांपुढे ठेवला. त्यानंतरही ही दारे बराच काळ बंदच राहिली.

यावर यंत्राचा उपाय नव्हता असे नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने तोंडाने ओढायच्या धोट्यावर १९११ मध्येच कायद्याने बंदी घातली होती. तिथे कारण आरोग्याचे होते. हाताने सूत ओवता येणारे धोटे जगात होते. आपल्याकडे मात्र यासाठी कोणी लाखाचे बक्षीस लावले नाही. मालकाला खर्च नको होता आणि युनियनला बहुसंख्य सवर्ण विणकर दुखवायचे नव्हते. अस्पृश्याची अडचण ही 'जनतेची' अडचण मानलीच गेली नाही. नवा धोटा आला असता म्हणून जात संपली नसती, पण बहाणा तरी उरला नसता.

स्वातंत्र्यानंतर हीच वाट सरकारी धोरणात आली. द. गो. कर्वे समितीच्या १९५५ च्या अहवालानंतर दुसऱ्या पंचवार्षिक योजनेत चार चात्यांच्या अंबर चरख्यावर मोठी भिस्त ठेवली गेली. ती फळाला आली नाही.

बाबासाहेबांची वाट वेगळी होती. यंत्राने माणसाला फुरसत मिळते आणि फुरसतीशिवाय संस्कृती नाही, असा युक्तिवाद त्यांनी १९४५ मध्ये गांधीवादावर टीका करताना मांडला. यंत्राचे दुष्परिणाम त्यांनी नाकारले नाहीत. पण दोष यंत्राचा नसून मालकी आणि नफा यांच्या रचनेचा आहे, हे त्यांनी दाखवले. १९४२ मध्ये व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात त्यांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी विज्ञान व तंत्रशिक्षणाच्या शिष्यवृत्त्या मागितल्या. मजूरमंत्री म्हणून वीज आणि पाणी यांच्या नियोजनाला हात घातला. यंत्र कोणाचे कष्ट कमी करणार आणि ते बनवणाऱ्यांत आपली मुले असणार का, हे दोन्ही प्रश्न त्यांनी एकत्र विचारले.

२०१३ चा कायदा असूनही आज माणूस गटारात उतरून मरतो. नवसंशोधनाच्या घोषणा मात्र रोज होतात. पुढची घोषणा ऐकाल तेव्हा रकमेचा आकडा नंतर पाहा. आधी विचारा, त्यात आपला धोटा कुठे आहे?

जय भीम!