भोर-वेल्ह्याचं दप्तर आणि जात्यावरची बाई

समजा, तुम्ही भोर किंवा वेल्हे (आताचा राजगड) तालुक्याच्या इतिहासावर काम करायचं ठरवलंत. पहिल्या महिन्यात टेबलावर काय जमेल? जेधे शकावली, वतनाचे कागद, पंतसचिवांच्या भोर संस्थानाची कागदपत्रं, तोरणा-राजगडावरची पुस्तकं. साधनं भरपूर. पण याच डोंगरातल्या कष्टकरी बाईचं तिच्या शब्दांतलं म्हणणं त्यात शोधा, हात जवळपास रिकामे राहतील. ती लिहीत नव्हती. ती पहाटे दळायला बसायची आणि ओव्या गायची.

या ओव्या म्हणजे इतिहासाचं साधन आहे, हे धरून हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी वीस वर्षांहून जास्त काळ काम केलं. पॉइतवाँ मूळचे फ्रान्सचे, पण पुण्यात स्थायिक झालेले. दोघांनी पुण्यात सामाजिक संशोधनाचं केंद्र काढलं आणि मुळशी, मावळ, वेल्हे, भोर अशा डोंगरी भागांत गरीब डोंगरी संघटनेसोबत काम केलं. ओव्यांकडे ते या कामातून वळले. हे नीट लक्षात घ्या: आधी माणसं, मग साधन.

घाई का होती? गावोगावी पिठाच्या गिरण्या आल्या आणि जातं कोपऱ्यात गेलं. जात्यावर बसलं की ओवी सुचते, असं आपण सहज म्हणतो. त्याची दुसरी बाजू अशी, की दळणच थांबलं तर ओवी सुचणार कुठे आणि लेक ती आईकडून ऐकणार कधी? शब्द विसरायच्या आधी त्यांचा प्रसंग संपतो. लोकसाहित्य हरवतं ते बहुतेक वेळा असंच.

संग्रह पुढे महाराष्ट्रभर वाढला. हजाराहून अधिक गावं, तीन हजारांहून अधिक गायिका आणि १,१०,००० च्या आसपास ओव्या. १९९० च्या दशकात संगीताचे संगणकीय अभ्यासक बर्नार्ड बेल सामील झाले आणि सुमारे १२० तासांचं ध्वनिमुद्रण झालं. पॉइतवाँ २००४ मध्ये गेले, राईरकर २०१० मध्ये. २०१७ पासून ‘पारी’ या संकेतस्थळावर या ओव्या गायिकांच्या नावागावासह वाचता-ऐकता येतात.

आता आपल्या कामाचं. ‘नावागावासह’ हा शब्द साधा नाही. ‘एक पारंपरिक स्त्रीगीत’ एवढंच लिहिलं असतं, तर बाई पुन्हा निनावी झाली असती. कोण गातंय, कुठल्या गावात, कुठल्या समाजातली, हे सोबत असलं की तुलना करता येते. सासुरवास, भाऊ, लेक, सीतेचा वनवास हे विषय कुठे कसे बदलतात ते दिसतं.

दोन सावधगिऱ्या मात्र बाळगा. एक, ओवी म्हणजे गाणारीचं आत्मचरित्र नव्हे. तीच ओवी दुसऱ्या गावातही सापडते. शब्द सगळ्यांचे असतात. तिने त्यातून काय निवडलं, काय बदललं, हा तुमचा पुरावा. दोन, ओवी म्हणजे ‘अनादि काळापासूनचं’ असं समजू नका. याच संग्रहात बाबासाहेब आंबेडकरांवरच्या ओव्या आहेत. म्हणजे विसाव्या शतकातही जुन्या चालीत नवं राजकारण बोललं जात होतं. काळ ठरवायला असे आतले धागेच कामी येतात.

दप्तर सोडून द्या असं मी म्हणत नाहीये. वतनाच्या कागदात जमीन कोणाच्या नावावर होती ते कळेल. त्या जमिनीतलं धान्य रोज पहाटे कोण दळत होतं आणि दळताना काय म्हणत होतं, ते त्यात नाही. साधनांची यादी करताना दर वेळी विचारा: या यादीत कोण बोलत नाहीये? आणि ती माणसं कुठे बोलत होती, तिथे जायला उशीर करू नका.