घरातली शब्बाथशाळा

स्मरणिकेसाठी 'इतिहासावर काहीतरी लिहा' असा संपादक मंडळाचा निरोप आला. शाळेच्या इमारतींचा आणि मुख्याध्यापकांचा इतिहास इतर मित्र लिहितीलच. मी आपल्यापैकी अनेकांच्या घरांचा लिहितो. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) भागातल्या मराठी ख्रिस्ती घरांनी आपला विश्वास मुलांच्या हाती कसा दिला, त्याचा.

अमेरिकन मराठी मिशन १८१३ साली मुंबईत आले, १८३१ मध्ये नगरला. १८४२ पासून 'ज्ञानोदय' निघू लागले. पहिल्या पिढीने विश्वास स्वतः निवडला होता आणि त्यापायी भाऊबंद तुटले, गावाने पाठ फिरवली. पुढच्या पिढीला तोच विश्वास आयता मिळाला. आयत्या मिळालेल्या गोष्टीला मुले किती जपतात, हे कुठल्याही आईबापाला विचारा! मिशनने शाळा काढल्या, शब्बाथशाळा चालवल्या, मुलांसाठी 'बालबोधमेवा' मासिक काढले. पण माझ्या मते खरे काम घरात झाले, आणि ते मराठीत झाले म्हणून टिकले.

टिळकांचे घर पाहा. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन नातलगांत राहिल्या. काही वर्षे घर दुभंगलेलेच होते. पुन्हा एकत्र आल्यावरही टिळकांनी बायकोवर धर्म लादला नाही. तिचे सोवळे-ओवळे तिने सांभाळले. जात माणसाने केली, देवाने नाही, हे तिचे तिला पटले आणि मग १९०० साली तिने बाप्तिस्मा घेतला. घाई न करण्याची एवढी हिंमत आपल्यात आहे का, असा प्रश्न मला पडतो. आम्ही तर मुलगा एक रविवार उपासना चुकवतो म्हणून घर डोक्यावर घेतो.

टिळकांनी विश्वास अभंगात, भजनात, कीर्तनात आणला. परदेशी चालीवर कसेबसे बसवलेले गीत मूल मंडळीत म्हणते आणि तिथेच ठेवून येते. अभंग मात्र आजीच्या तोंडून घरी येतो. १९१९ मध्ये टिळक गेले तेव्हा 'ख्रिस्तायन' अपुरे होते. ते पूर्ण केले लक्ष्मीबाईंनी, ज्यांना अक्षरओळखच लग्नानंतर झाली. त्या १९३६ साली वारल्या. ग्रंथ १९३८ मध्ये प्रसिद्ध झाला, तो देवदत्त टिळकांमुळे, म्हणजे तोच दत्तू. पुढे 'स्मृतिचित्रे'चे संपादन नातू अशोक टिळकांनी केले. बापाने सुरू केलेले, आईने पुरे केलेले, मुलाने छापलेले असे पुस्तक किती घरांत सापडेल?

आता आमची पिढी. माझी नातवंडे पुण्यात इंग्रजी शाळेत जातात. 'उपासना संगीत' हातात दिले तर अक्षर लावत वाचतात, आणि 'कृपा' म्हणजे काय ते विचारतात. मुलगा म्हणतो, "बाबा, देवाला इंग्रजी कळतं." कळते, यात शंका नाही. पण रात्री दिवा मालवल्यावर आजी जे पुटपुटायची, ते ह्या मुलांना कुठल्या भाषेत आठवणार, ह्याचे उत्तर त्याच्याकडेही नाही.

म्हणून गेल्या नाताळपासून आम्ही एक नेम धरला आहे. रोज रात्री फोनवर एक कडवे, आणि त्यातल्या एका शब्दाचा अर्थ. नातीला आता अकरा गीते पाठ आहेत. नातू अजून अभ्यासाचे कारण सांगून पळतो.