वर्दी आणि टोपी

माणसाच्या वेषावरून त्याची देशभक्ति मोजण्याची आपली संवय जुनी आहे. ती कितपत विश्वसनीय, हें पाहण्यास राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारे यांचें उदाहरण उपयोगी पडेल. १९६५ सालच्या युद्धांत ते खेमकरणच्या आघाडीवर सैन्यांत मोटारचालक होते. त्यांच्याच सांगण्याप्रमाणें सोबतचे जवान पडले आणि ते वांचले. १९७५ सालीं नोकरी सोडून ते गांवीं परतले. खाकी वर्दीच्या जागीं धोतर, सदरा व गांधी टोपी आली. पदरचे पैसे घालून त्यांनीं यादवबाबांच्या मंदिराचा जीर्णोद्धार केला. पुढें गांवकऱ्यांच्या श्रमदानानें नाले अडविले गेले, पाझर तलाव झाला, झाडें लागलीं, आणि त्या अवर्षणग्रस्त शिवारांतील विहिरींना पाणी आलें.

परंतु वर्दी उतरली म्हणून छावणीही सुटली काय? त्याच गांवांत दारुड्यांना खांबाला बांधून फटके देण्यांत आले, व अण्णांनीं त्याचें समर्थन केलें. ज्या टोपीला गांधींचें नांव, तिच्याखालीं लष्करी शिरस्ता नांदत होता, हें विसरून त्या कार्याचें मोल ठरवितां येणार नाहीं.

२०११ सालीं दिल्लींत त्यांनीं उपोषण केलें, तेव्हां ‘मी अण्णा आहें’ अशा अर्थाचीं अक्षरें छापलेल्या टोप्या हजारों लोकांनीं घातल्या. टोपी एका दिवसांत डोक्यावर चढते. तिच्यामागें मात्र ३६ वर्षें होतीं; त्यांतलें पाणी आणि फटके, दोहोंचा हिशेब ती घालणाऱ्यानें ठेवावयास हवा.