इंडिकेटर असलेले बटण

घरगुती वीजजोडणीत बटणाच्या आत किंवा बोर्डावर त्याच्या शेजारी लहानसा निर्देशक दिवा बसवलेली रचना. बोलण्यात त्या दिव्यालाच इंडिकेटर म्हणतात. बाहेरून सगळे इंडिकेटर सारखेच दिसतात, पण प्रत्येकाचे सांगणे वेगळे असते. त्याची दोन टोके बोर्डामागे कोणत्या दोन ठिकाणी जोडली आहेत, यावर ते ठरते. त्यामुळे बोर्ड भरून देणाऱ्या वायरमनने घरच्यांना ही जोडणी समजावून सांगणे हा कामाचाच भाग मानला पाहिजे. तसे क्वचितच घडते.

भारतात घरातील पुरवठा 230 व्होल्ट, 50 हर्ट्‌झचा असतो. एमसीबीकडून आलेली फेजची वायर, जिचा रूढ रंग लाल आहे, बटणाच्या एका स्क्रूला येते आणि तिथून पुढच्या बटणांना लूप होत जाते. दुसऱ्या स्क्रूपासून निघालेली वायर होल्डरकडे जाते. काळी न्यूट्रल दिव्याला थेट पोचते. ती बटणातून जाता कामा नये. बोर्डात सॉकेट असेल तर त्यासाठी न्यूट्रल आणि हिरवी अर्थिंगची वायर तिथे आलेलीच असते, म्हणून आपल्याकडे इंडिकेटरसाठी न्यूट्रल शोधावी लागत नाही. घरगुती बटणांसाठी आयएस 3854 आणि वायरिंगसाठी आयएस 732 ही भारतीय मानके आहेत.

इंडिकेटर बटणाच्या अलीकडे, फेज आणि न्यूट्रलमध्ये जोडला तर तो बोर्डात वीज असेपर्यंत पेटलेला राहतो. जुन्या सनमायकाच्या बोर्डांवर कोपऱ्यात दिसणारा लाल इंडिकेटर याच प्रकारचा. भारनियमनाच्या वर्षांत लाईट आली की नाही, हे घराघरांत त्याच्याकडे पाहूनच कळत असे.

तो बटणाच्या पलीकडे, म्हणजे उपकरणाकडे जाणारी वायर आणि न्यूट्रल यांच्यात जोडला, तर बटण चालू असतानाच पेटतो. गिझर, पाण्याची मोटर, एसी यांच्या 16 अँपिअरच्या बटणांना हीच जोडणी योग्य. 2 किलोवॅटचा गिझर पावणेनऊ अँपिअरच्या आसपास प्रवाह घेतो आणि त्याचे बटण सहसा न्हाणीघराबाहेर असते; ते चालू राहिल्याचे दुरून दिसायलाच हवे. मात्र हा इंडिकेटर बटणाची स्थिती सांगतो, पाणी तापत असल्याची नाही. थर्मोस्टॅटने आतला प्रवाह तोडला तरी तो पेटलेलाच राहतो.

तिसरी जोडणी बटणाच्याच दोन स्क्रूंवर, समांतर. हिला न्यूट्रल लागत नाही. बटण बंद असताना फेजपासून इंडिकेटरमधून, पुढे दिव्यातून न्यूट्रलपर्यंत अगदी क्षीण प्रवाह वाहतो आणि अंधारात बटण सापडते. बटण दाबताच दोन्ही स्क्रू एकाच दाबावर येतात आणि इंडिकेटर विझतो. फिलामेंटचा बल्ब उडाला किंवा काढून ठेवला तर वाट तुटते आणि बटण बंद असूनही इंडिकेटर पेटत नाही. बिघाड शोधताना ही खूण फार उपयोगी पडते. जिन्याच्या टू-वे बटणांत तो दोन बटणांना जोडणाऱ्या दोन वायरींच्या मध्ये लावतात. दिवा बंद असताना त्यांपैकी एक वायर फेजला आणि दुसरी दिव्याला जोडलेली असते, म्हणून इंडिकेटर पेटतो, मग दिवा वरून बंद केलेला असो की खालून.

इंडिकेटरमधला पारंपरिक दिवा निऑनचा. लहान आकाराचा निऑन दिवा 1917 मध्ये डॅनियल मॅकफार्लन मूर यांनी जनरल इलेक्ट्रिकमध्ये विकसित केला. काचेच्या कुपीत दोन बारीक धातूच्या काड्या असतात आणि त्या एकमेकींना टेकत नाहीत. आपल्याकडच्या एसी पुरवठ्यावर दोन्ही काड्यांभोवती नारिंगी प्रभा दिसते. डीसीवर एकीभोवतीच दिसते. कुपीच्या एका पायाला रोधक जोडलेला असतो. तो 220 किलोओहमचा धरला तर प्रवाह सुमारे पाऊण मिलीअँपिअर होतो. वर्षभर अखंड पेटला तरी वीज दीड युनिटच्या आसपास. रोधकाशिवाय कुपी थेट 230 व्होल्टला लावली तर ती फुटू शकते. बरीच वर्षे वापरल्यावर कुपी आतून काळवंडते आणि प्रभा थरथरू लागते.

फिलामेंटच्या बल्बला हा पाऊण मिलीअँपिअर जाणवतही नसे. 2015 पासून उजाला योजनेतून एलईडी बल्ब घरोघर गेले आणि एक नवी तक्रार ऐकू येऊ लागली: बटण बंद, तरी बल्ब रात्रभर मिणमिणतो किंवा काही सेकंदांनी लुकलुकतो. याचे कारण बल्बच्या पोटात असते. इंडिकेटरमधून आलेला क्षीण प्रवाह तिथला कपॅसिटर हळूहळू भरतो, पुरेसा दाब साठला की बल्ब क्षणभर उजळतो, कपॅसिटर रिकामा होतो आणि फेरा पुन्हा सुरू होतो. बल्ब सदोष आहे म्हणून तो बदलून आणणाऱ्यांची यात हकनाक पायपीट होते. जिन्यात दोन्ही टोकांना इंडिकेटर असतील तर प्रवाह दुप्पट होतो आणि लुकलुकणे वाढते.

यावर सर्वांत सरळ उपाय म्हणजे बटणावरचा समांतर इंडिकेटर काढून तो फेज आणि न्यूट्रलमध्ये जोडणे. मग बल्बमधून काहीच वाहत नाही. इंडिकेटर बटणाच्या आतच पक्का असेल तर छताच्या रोझमध्ये, बल्बला समांतर, 0.1 मायक्रोफॅरडचा 275 व्होल्ट एसीचा एक्स-2 दर्जाचा कपॅसिटर बसवतात. क्षीण प्रवाह त्यातून निघून जातो आणि एका इंडिकेटरच्या बाबतीत बल्बवरचा दाब पंचवीस व्होल्टच्या आसपास राहतो. पंख्यातून काढलेला किंवा दर्जा न लिहिलेला कपॅसिटर इथे कधीही लावू नये. इंडिकेटर नसतानाही बल्ब मिणमिणत असेल तर बटण चुकून न्यूट्रलमध्ये बसले आहे का, हे आधी पाहावे. तसे असेल तर बटण बंद केल्यावरही होल्डरमध्ये पूर्ण फेज उभी असते आणि बल्ब बदलणाऱ्याच्या जिवाला धोका असतो.

विझलेला इंडिकेटर पाहून बोर्डाला हात घालणे तितकेच घातक. कुपी निकामी झाली तरी तो विझतो, आणि समांतर जोडणीत तर बटण चालू असतानाच विझलेला असतो. म्हणून वायरमन आधी एमसीबी पाडतो. मग टेस्टर दुसऱ्या चालू सॉकेटवर पेटतो का ते पाहतो, तोच कामाच्या स्क्रूंना एकेक करून लावतो आणि शेवटी चालू सॉकेटवर पुन्हा लावून टेस्टर मधल्या वेळात बंद पडला नाही ना, याची खात्री करतो.