फडक्यांची लेखणी आणि आपला होन्या

१८४८ च्या आयरिश बंडातील विल्यम स्मिथ ओब्रायन याची फाशी रद्द झाली आणि १८४९ साली त्यास टास्मानिया बेटावर काळ्या पाण्यास धाडण्यात आले. तेथून तो पत्नी ल्यूसी हिला पत्रे लिही. रोजनिशीही त्याने तिच्यासाठीच ठेविली. ते कागद टिकले, म्हणून तो बंडखोर आज नवरा म्हणूनही आपणांस भेटतो.

आपल्याकडे असा लिहिणारा बंडखोर म्हणजे वासुदेव बळवंत फडके. पुण्यात लष्करी हिशेब खात्यातला हा कारकून. आई आजारी असता रजा मिळाली नाही, आणि घरी पोचला तो आई गेलेली! १८७६-७७ च्या दुष्काळात माणसे अन्नावाचून मरताना त्याने पाहिली, व १८७९ मध्ये रामोश्यांना जमवून बंड उभारले. ते फसत चालले तेव्हा श्रीशैल मल्लिकार्जुनाच्या पायथ्याशी बसून त्याने स्वतःची हकीकत लिहून काढली. दुष्काळाचे दुःख तीत आहे, तशीच सोबत्यांचे लक्ष लुटीकडेच, ही खंतही आहे. पराभवाचे खापर त्याने नुसते दैवावर फोडले नाही, हे मला फार मोलाचे वाटते.

हे लिखाण व रोजनिशी सरकारच्या हाती पडली. सार्वजनिक काकांनी त्याचे वकीलपत्र घेतले. परंतु त्याचेच हस्ताक्षर त्याच्याविरुद्ध साक्षीस उभे राहिले! जन्मठेप होऊन तो एडनला गेला व १७ फेब्रुवारी १८८३ रोजी तेथेच वारला. त्या लिखाणाचे इंग्रजी भाषांतर मुंबई सरकारने १९५७ साली छापले. मराठी माणसाचे मन आपण इंग्रजीतून वाचावे, ही केवढी थट्टा!

पत्नी गोपिकाबाई हिला फडक्यांनी लिहावयास-वाचावयास शिकविले होते. बाईने अक्षर गिरवले तर घरीदारी नावे ठेवण्याचा तो काळ. पण ह्या सबंध प्रकरणात तिचे म्हणणे कोणी विचारलेले दिसत नाही.

फडक्यांना २० जुलै १८७९ च्या रात्री देवर नावडगी येथे पकडणारा मेजर डॅनियल आमच्या डोंगरालाही ठाऊक होता. तीनच वर्षांपूर्वी, १८७६ मध्ये, त्यानेच आंबेगाव तालुक्यातील जांभोरीच्या होन्या केंगलेला धरले. १८७३ पासून होन्याने सावकारांना सळो की पळो केले होते. त्याच्यावर हजार रुपयांचे इनाम होते. कर्जखतावर अंगठा उठवून जमीन गमावलेल्या कोळ्यांचा हा पुढारी. परंतु १८८५ च्या पुणे गॅझेटियरात तो भेटतो तो केवळ दरोडेखोर म्हणून, नाके कापणारा म्हणून. सावकाराची वही टिकली, पोलिसांचे दप्तर टिकले. होन्याच्या घरच्या बायकांचे तर त्यात नावसुद्धा नाही.

जांभोरी, भीमाशंकराकडच्या भगिनींपैकी कोणाच्या आजीच्या तोंडी होन्याबद्दल एखादी हकीकत, एखादी ओवी असेल, तर ती जशीच्या तशी उतरवून मंडळाकडे द्यावी. सांगणारीचे व तिच्या गावाचे नाव अवश्य लिहावे.